डोळे मिटणारा लॅपटॉप

थोरलीने आयुष्यातला पहिला लॅपटॉप उघडला तो धूळ पुसण्यासाठी. तिच्या धाकट्या दिराने मोठ्या उत्साहाने घराखालच्या खोलीत संगणक दुरुस्तीचे दुकान काढले होते, आणि तितक्याच उत्साहाने ते सोडून तो एका गोदामात नोकरीला लागला होता. मागे उरली एक पाटी, एक लांबलचक टेबल आणि लोकांनी दुरुस्तीला टाकलेले मुके लॅपटॉप. लोक येऊन विचारत, "झाला का?" घरात उत्तर द्यायला कोणी पुढे होत नव्हते. शेवटी थोरली फडके घेऊन खाली उतरली. तिचे म्हणणे एवढेच, की वस्तू बिघडलेली परत द्यायची तर निदान पुसून द्यावी. बाहेरून पुसून झाल्यावर तिने मागचे झाकण काढले, पंख्यात अडकलेला धुळीचा बोळा उपसला, झाकण परत लावले आणि तो लॅपटॉप सुरू झाला. दुसरा पुसला, तोही सुरू झाला. तिसरा काही केल्या होईना, म्हणून तिला या विषयात गोडी लागली.

लॅपटॉपच्या निम्म्या दुखण्यांचे मूळ धुळीत असते हे शिकायला इतरांना अभ्यासक्रम लागतो. थोरलीची धुळीशी जुनी ओळख होती. उरलेल्या निम्म्या दुखण्यांसाठी मात्र ती रीतसर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसली. त्या वर्गात तिच्याहून वयाने मोठा फक्त छताचा पंखा होता. तिथे तिने कथलाचा डाग द्यायला शिकताना बोटे भाजून घेतली, केसापेक्षा बारीक तारा भिंगाखाली जोडल्या आणि परीक्षेत पहिली आली. ही पहिली आल्याची गोष्ट ती कोणाला सांगत नसे. विचारायची वेळच येऊ देत नसे. प्रमाणपत्र चौकटीत घालून टेबलाच्या बरोबर वर, गिऱ्हाइकाची नजर पडेल असे टांगले होते.

दिराची बायको, म्हणजे धाकटी, पुढे तिच्या मदतीला आली. दोघींनी कामाची वाटणी सोपी केली होती. हाताला लागेल ते थोरलीचे, हाताला लागत नाही ते धाकटीचे. पंखा, रॅम, डिस्क, बॅटरी एकीकडे. विंडोज, व्हायरस, ड्रायव्हर दुसरीकडे. दोन जावा एका स्वयंपाकघरात नांदत नाहीत म्हणतात. या दोघी तर स्वयंपाकघरात नसतच. त्या दिवसभर दुकानात असत, आणि ज्याने त्याने आपापले वाढून घ्यावे अशी घरातल्या पुरुषांना हळूहळू सवय झाली होती. भांडण व्हायचे ते सरहद्दीवर. एखादा लॅपटॉप मध्येच अडकायला लागला की थोरली म्हणे, "तुझ्या त्या अपडेटनंच घात केला." धाकटी म्हणे, "ताई, आधी तुमच्या पेचकसाला विचारा काय केलंय ते." मग दोघी त्या यंत्रावर वाकत, आणि ज्या बाजूला दोष निघे त्या बाजूची जाऊ संध्याकाळचा चहा करी.

दारात खुर्ची टाकून सासरे बसत. ते आयुष्यभर एका इस्पितळात केसपेपर लिहिण्याच्या खिडकीमागे बसले होते. माणूस आत आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे, हे त्यांच्या हाडीमांसी खिळले होते: नाव, वय, काय होतंय. वय लॅपटॉपचे असते हे गिऱ्हाइकाला उशिरा कळे. त्यानंतर ते आत हात दाखवून म्हणत, "बसा. आमच्या थोरलीच्या हातचं यंत्र परत येत नाही." समोरचा किल्लीवाला हे रोज ऐकून कंटाळला होता. एकदा तो म्हणाला, "काका, इस्पितळात असतानाही हेच सांगायचात का? तिथलेही परत येत नसतील." सासरे त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. घरातल्या सुनेचा एवढा अभिमान बाळगणारा सासरा ही जगात दुर्मीळ वस्तू असते. थोरली तिची निगाही तशीच राखे. त्यांच्या खुर्चीला उशी शिवून घातलेली होती.

थोरलीच्या कामाच्या काही रीती होत्या. ती आधी विचारी, "बंद पडला तेव्हा काय करत होतात?" सगळे सांगत, "काहीच नाही." माणूस काहीच करत नसताना बिघडणारे दुसरे यंत्र जगात नसावे. मग ती मान डोलावून सगळे शून्यापासून तपासायला घेई. दुसरी रीत अशी, की गिऱ्हाइकाला ती शिकवण देत नसे. गादीवर ठेवू नका, वर चहा पिऊ नका, असले काही तिच्या तोंडून निघत नसे. "माणसांना वळण लावायला शाळा आहेत," ती म्हणे. "आपण यंत्राला लावायचं." आणि तिसरी रीत तिची लाडकी होती. जुनी हार्ड डिस्क मेली की तिच्या पोटातून चकचकीत, कोयरीच्या आकाराची लोहचुंबके निघतात. आकार नखाएवढा, पण ताकद अशी की बोट सापडले तर आई आठवावी. थोरली ते चुंबक काढून, पुसून, ज्याची डिस्क त्याच्या हातावर ठेवी. "घ्या. तुमच्या जुन्या डिस्कचं काळीज." लोक खूश होत. त्या गल्लीत कितीतरी घरांतल्या सुऱ्या भिंतीला चिकटून लटकत त्या थोरलीच्या कृपेने.

अशा या दुकानात एका दुपारी कपडेपटवाल्या बाई आल्या. खांद्याला मोजपट्टी, केसात खडू, काखेत लॅपटॉप.

"वय?" सासऱ्यांनी विचारले.

"तुम्हाला काय करायचंय?"

"लॅपटॉपचं."

"मग तसं बोला ना. जुना आहे. माझ्या संसारापेक्षा थोडा लहान."

"काय होतंय?"

"तापतो. मग अडकतो. बाण हलत नाही, कळ दाबली जात नाही, नुसता बघत बसतो माझ्याकडे. आणि मग धाडकन बंद."

थोरलीने त्यांना आत बसवून घेतले. बाई एका नाटक कंपनीत होत्या. इतकी वर्षे त्यांचे काम दुसऱ्यांनी शिवलेले आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, तुटलेली बटणे लावायची. एका राजाची विजार तर त्यांनी पडदा वर जायच्या आधी, राजा उभा असताना, राजाच्या अंगावरच शिवली होती. आता पहिल्यांदाच अख्खे नाटक त्यांच्याकडे आले होते. राजापासून द्वारपालापर्यंत सगळे कपडे त्यांनी बेतायचे, त्यांनी शिवायचे, आणि फलकावर कपडेपट म्हणून त्यांचे नाव. सगळ्या नटांची मापे आणि कापड बेतायचे नमुने या एका लॅपटॉपमधल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते. ते बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती, आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर ते उघडत नव्हते.

"म्हणून नवीन घ्या म्हणू नका," बाई म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात."

"मी म्हटलं का?"

"मॅनेजर म्हणतो, रंगीत तालमीला कपडे अंगावर दिसले पाहिजेत. नाहीतर तो भाड्याने आणणार. भाड्याचे कपडे कसे असतात माहितीय? मागच्या राजाच्या घामासकट येतात."

थोरलीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. स्वतःच्या कामाबद्दल असे चिडून बोलणारी बाई तिला फार आवडली. "भाड्याचं काही येत नाही," ती म्हणाली. "माझा शब्द."

धाकटीने मान वर करून पाहिले. झाकण उघडण्याआधी शब्द द्यायची थोरलीची पद्धत नव्हती.

मागचे झाकण निघाले तेव्हा पंख्यातून जे बाहेर आले त्याला धूळ म्हणणे अन्याय झाला असता. तो कापडाच्या तंतूंचा घट्ट नमदा होता, थरावर थर बसलेला. वरचा थर हिरवा, त्याखाली लाल, तळाशी करडी लोकर. बाईंनी तो चिमट्यातून हातात घेतला आणि जुना फोटो पाहावा तसा पाहिला. "हा दरबार. ही दुसऱ्या अंकातली मखमल. आणि ही भिकारीण, बिचारी, तिची शाल." थोरलीने पंखा साफ केला, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप खरवडून नवा लावला. मग डिस्कला कान लावला. आत काहीतरी टिकटिक करत होते. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. धाकटीने तिच्यावरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवले, ते सॉफ्टवेअर उघडून दाखवले, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी येता येता राहिले. निघताना थोरलीने जुन्या डिस्कचे काळीज काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. "आठवण."

पुढचे काही दिवस बाईंनी जाता येता हात हलवला. एकदा थांबून म्हणाल्या, "घोड्यासारखा पळतोय." सासऱ्यांनी ते वाक्य किल्लीवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने परत म्हणवून घेतले.

आणि एका सकाळी त्या काखेत लॅपटॉप घेऊन रस्ता ओलांडताना दिसल्या. सासऱ्यांनी वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे उंच धरले. किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली आणि नीट बसला.

"तापत नाही," बाई म्हणाल्या, "पण आता नवीनच. चालता चालता पडदा काळा. कुठली कळ दाबा, ढिम्म. मग मी ते बटण दाबून धरते, तो मरतो, परत चालू करते. मधलं बेतलेलं सगळं गेलेलं असतं. काल राजाचा झगा गेला. कळीकळीनं बेतला होता मी."

"तेव्हा काय करत होतात?"

"काहीच नाही! काम करत होते."

थोरलीने तो ठेवून घेतला. दुकानात तो शहाण्या मुलासारखा वागला. तिने त्याला तापवला, दमवला, त्याच्यावर सिनेमे चालवले, रॅमची एकेक पट्टी काढून घालून पाहिली. धाकटीने स्मृतीची चाचणी लावली, ड्रायव्हर उलटेपालटे केले. लॅपटॉप न कुरकुरता सगळे करत राहिला. बाई येऊन घेऊन गेल्या, आणि त्याच दिवशी परत आल्या.

"ताई, हा काय म्हणतोय बघा," धाकटी म्हणाली. यंत्र स्वतःच्या कारभाराची जी नोंद आत ठेवते ती तिने उघडली होती. "म्हणतोय, झाकण मिटलं म्हणून मी झोपलो."

थोरलीने बाईंकडे पाहिले. "मध्ये झाकण मिटता का तुम्ही?"

"मी काय खुळी आहे? मिटलेल्या झाकणात कोणी काम करतं का?"

लॅपटॉपला झाकण मिटल्याचे कळते ते एका बारीक सेन्सरवरून. झाकणाच्या काठात इवलेसे लोहचुंबक असते, खाली डाव्या हाताच्या बाजूला सेन्सर असतो; चुंबक जवळ आले की यंत्र समजते, झाकण मिटले, आपण झोपावे. थोरलीने आपल्या डब्यातले एक चुंबक घेऊन डाव्या कोपऱ्यावर धरले. लॅपटॉप झोपला. काढले, उठला. "सेन्सर तर शहाणा आहे," ती म्हणाली आणि चुंबक डब्यात टाकले. तरीही खात्रीसाठी तिने दुसऱ्या एका यंत्राचा सेन्सर काढून यात बसवला. "टेबलावर स्पीकर, लोहचुंबक, असं काही असतं का?"

"टेबलावर कापड आणि खडू. दुसरं काही ठेवूच देत नाही मी कोणाला."

धाकटीने आपल्या बाजूने उपाय केला. झाकण मिटले तरी झोपायचे नाही, असे तिने सेटिंगमध्ये सांगून ठेवले. त्याचा परिणाम बाईंनी दुसऱ्या दिवशी फोनवर कळवला. आता तो झोपत नव्हता. जागा राहून डोळे मिटत होता.

"तालीम तोंडावर आलीय हो," बाई म्हणाल्या. आवाजात चीड उरली नव्हती, त्यामुळे थोरलीला ते जास्त लागले. "मॅनेजरनं भाड्याचा एक झगा आणून खुंटीला लावलाय. नमुना म्हणे. सहज लावलाय म्हणे."

थोरलीने फोन ठेवला, हत्यारे पिशवीत भरली आणि चपला घातल्या.

"कुठे?" सासऱ्यांनी विचारले.

"त्यांच्या जागेवर जाऊन बघते."

"तू जाणार? इस्पितळ रोग्याकडे जातं का कधी?"

"रोगी इस्पितळात धडधाकट होतोय, बाबा. घरी गेला की पडतो. मग घरच बघायला नको?"

धाकटी न विचारता सोबत निघाली. किल्लीवाला म्हणाला, "मोठी मोहीम दिसतेय." धाकटी म्हणाली, "तुमच्यासारखं नाही भाऊ, कुलूप उघडलं नाही की तोडा." आणि दोघी गल्लीबाहेर पडल्या.

बाईंची कामाची खोली नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला होती. लांब टेबल, त्यावर कापड, टेबलाच्या टोकाला लॅपटॉप, खिडकीखाली शिवणयंत्र, मध्ये उभा एक बिनमुंडक्याचा पुतळा. भिंतीवर खुंटी आणि खुंटीला तो भाड्याचा झगा, काखेत पिवळा पडलेला, पाहुण्यासारखा अंग चोरून. दारातून रस्त्यावरचा आवाज येत होता. थोरलीने एक स्टूल कोपऱ्यात ओढले.

"आता तुम्ही तुमचं काम करा. आम्ही इथे नाही असं समजा."

"असं कसं समजू? चहा घेणार ना?"

"आम्ही इथे नाही."

"नसलात तरी चहा घ्याल."

पाहुणे समोर बसलेले असताना काम करणे ही कला बाईंच्या अंगी नव्हती. त्या लॅपटॉपसमोर ताठ बसल्या, दोन्ही हात जपून कळांवर ठेवून, परीक्षा द्यायला बसावे तशा. लॅपटॉपही परीक्षेला बसल्यासारखा चालला. चहा झाला. धाकटी जांभया देऊ लागली. थोरलीने खोलीतल्या सगळ्या वस्तू नजरेने मोजल्या. खडू, कापड, कात्री, इस्त्री. पंखा वर, लांब. सॉकेट तपासले, ठीक. खिडकीतून ऊन लॅपटॉपपर्यंत येत नव्हते. तिचा शब्द खुंटीला टांगलेला तिला समोर दिसत होता.

मग मॅनेजरने दारातून डोके घातले. "झालं का राजाचं? नाहीतर हा आहेच." आणि झग्याकडे हनुवटी करून गेला.

बाईंच्या अंगात कुठूनतरी वीज आली. पाहुण्या, लाज, परीक्षा, सगळे विसरून त्या उठल्या, कापड पुतळ्याच्या खांद्यावर भिरकावले आणि कामाला लागल्या. थोरलीने आजवर बरीच माणसे काम करताना पाहिली होती, पण हे काही वेगळेच होते. बाईंची बोटे कापडाला चुण्या घालीत आणि कापड जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखे वळे. उठता उठता डाव्या मनगटावर त्यांनी एक पट्टी बांधली होती आणि तिच्यावर टाचण्यांचा पुंजका उभा होता, साळिंदरासारखा. उजव्या हाताने एक टाचणी उचलावी, टोचावी, पुन्हा उचलावी. नजर पुतळ्यावरून हलत नव्हती. एक टाचणी खाली सांडली. बाईंनी मनगट नुसते टेबलावरून फिरवले आणि टाचणी उडी मारून पट्टीला जाऊन बसली.

थोरली स्टुलावर सरळ झाली.

बाई तशाच वळल्या, लॅपटॉपपाशी गेल्या, खांद्याचे माप बदलायला डावे मनगट कळांच्या खाली टेकवले. पडदा काळा.

"बघा! बघा! आता बघा!" बाई जवळजवळ आनंदाने ओरडल्या. निदान साक्षीदार तरी मिळाले. त्यांचा हात सवयीने त्या बटणाकडे गेला.

"दाबू नका!" थोरली म्हणाली. "हात तसाच उचला. नुसता उचला."

बाईंनी हात उचलला. पडदा उजळला. राजाचा झगा होता तसा, कळीकळीने.

"टेका."

काळा.

"उचला."

उजेड.

"हातात काय बांधलंय?" थोरलीने विचारले.

"हे? टाचण्यांची पट्टी. पूर्वी टाचण्या तोंडात धरायचे, ओठ फाटायचे. आता किती सोय झालीय. मी शिवली." बाईंनी कौतुकाने मनगट फिरवून दाखवले. मग थोरलीकडे पाहून हसल्या. "आत काय आहे ओळखा. तुम्हीच दिलेलं. माझ्या जुन्या डिस्कचं काळीज."

धाकटीने आधी ओढणी तोंडावर धरली. मग तिला ओढणी पुरेना. ती टेबलाला धरून हसली, पुतळ्याला धरून हसली, शेवटी स्टुलावर बसून डोळे पुसत म्हणाली, "ताई, हाताला लागलं. म्हणजे आज चहा तुमचा."

बाईंना अजून कळले नव्हते. थोरलीने त्यांना सांगितले. सगळे सांगितले, काहीच झाकले नाही: की लॅपटॉपची जुनी डिस्क मेली, तिचे काळीज तिनेच काढून दिले, ते बाईंनी मनगटावर बांधले, आणि ते मनगट टेकले की बिचाऱ्याला वाटे झाकण मिटले. आणि बटण दाबून धरायची गरजच नव्हती. हात उचलला असता तर तो जागा झाला असता. दुरुस्तीनंतर इतके दिवस जे पडदा मिटणे आणि बंद पडणे चालले होते ते सगळे तिच्या भेटवस्तूचे काम होते. हे सांगताना थोरलीचा चेहरा लाल झाला होता. तरी एक गोष्ट पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटली नसती. तिने ती पट्टी आपल्या हातात घेऊन लॅपटॉपच्या कोपऱ्यावरून बरीच उंच धरून पाहिली, पडदा तिथूनही मिटला, आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. चुंबक उत्तम होते.

बाईंनी पट्टी सोडायला घेतली. "म्हणजे आता हे नको."

"का नको?"

"तुम्हीच म्हणताय ना."

"उजव्या हातात बांधता येईल?"

"उजव्यात कात्री असते. आणि आता तोंडात टाचण्या मी नाही धरणार, सांगून ठेवते."

"कोण धरा म्हणतंय?" थोरलीने पिशवी उघडली. "तुम्ही तुमच्या हातात काय बांधायचं ते मी कोण सांगणार? मी त्याला सांगते." तिने लॅपटॉप मिटला, कापड बाजूला सरकवून टेबलावर उलटा घातला आणि स्क्रू काढायला घेतले. बाई श्वास रोखून बघत होत्या, जसे थोड्या वेळापूर्वी थोरली त्यांच्याकडे बघत होती. झाकण निघाले. डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा सेन्सर होता. थोरलीने चिमट्याने त्याची फीत अलगद सोडवली, सेन्सर उचलला आणि बाईंच्या पट्टीवर ठेवण्याचा मोह आवरून खिशात टाकला. झाकण लावले, यंत्र सुरू केले, बाईंचे मनगट स्वतःच्या हाताने धरून कोपऱ्यावर टेकवले. पडदा लख्ख.

"आता झाकण मिटलं तरी याला कळायचं नाही," ती म्हणाली. "काम संपलं की तुम्हीच निजवायचा. बाकी टेका हात, कुठेही टेका."

बाईंनी टेकवला. मग दुसऱ्यांदा टेकवला. मग पुतळ्याकडे वळल्या, कारण तालीम तोंडावर आली होती आणि राजाला बाह्या नव्हत्या.

परत येताना धाकटी म्हणाली, "बाबांना काय सांगायचं? म्हणू या का, सेन्सर खराब होता? खोटं तरी काय त्यात. काढला तर आहेच."

गल्लीत शिरल्यावर सासरे उठून उभे राहिले, किल्लीवाला दुकानाबाहेर आला. थोरलीने पिशवी खाली ठेवली आणि दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "माझंच लोहचुंबक होतं. मीच दिलं, त्यानंच बंद पडत होता." आणि काय झाले ते उभ्या उभ्या सगळे सांगितले.

किल्लीवाल्याने तोंड उघडले, पण टोमणा सापडेना. कबुली दिलेल्या माणसाला टोमणा मारणे म्हणजे उघड्या दाराला किल्ली लावणे, आणि त्याचा धंदा तसा नव्हता. सासरे दोन पावले पुढे आले. मग त्यांनी विचारले, "किती लांबून बंद पाडलं म्हणालीस?"

थोरलीने हात उंच करून दाखवला.

"कापडाच्या पट्टीतून?"

"पट्टीतून, वर टाचण्या असताना."

सासऱ्यांनी किल्लीवाल्याकडे पाहिले. "ऐकलंस?" ते म्हणाले. "काढलेलं काळीज, तेही एवढं."

त्या दिवसापासून थोरली चुंबक देताना एक वाक्य जास्त बोलते: लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यापासून लांब. लोकांना वळण लावायचे नाही हा तिचा नेम एवढ्यापुरता मोडला आहे, आणि त्याबद्दल धाकटी तिला योग्य वेळी आठवण करून देते.

रंगीत तालीम झाली. भाड्याचा झगा खुंटीवरून उतरला तो परत जाण्यासाठीच. नाटक लागले तेव्हा बाईंनी दुकानात पुढच्या रांगेची आमंत्रणे आणून दिली, किल्लीवाल्यालाही. थोरलीला नाटकाची फारशी गोडी नव्हती. पहिल्या अंकात कोण कोणाचा भाऊ आणि कोणी कोणाला दगा दिला हे तिला शेवटपर्यंत उमगले नाही. पण पडदा वर गेला, पायऱ्यांवरून राजा उतरू लागला, आणि त्याच्यामागे तो झगा उतरू लागला, पायरी पायरीने, कळी कळी उलगडत, प्रकाशात काठ तळपत, तेव्हा सबंध नाट्यगृहात एक बारीक हुंकार उठला. नट अजून एक शब्दही बोलला नव्हता.

थोरलीने शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या कोपराला हात लावला.

"झगा बघितलात?" ती कुजबुजली.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

"आमच्याकडे दुरुस्तीला होता," थोरली म्हणाली, आणि पुन्हा समोर बघू लागली.